चौदा पांढऱ्या, चौदा निळ्या

…म्हणजे माणसानं फरक विचारायचाच नाही का? तुम्हीच सांगा! मी औषधाच्या दुकानात उभा, उजव्या अंगठ्याला दुधी भोपळ्याएवढं बँडेज, डाव्या हातात दोन चिठ्ठ्या, एक गेल्या आठवड्याची, एक आजची, आणि मी त्या काउंटरवरच्या बाईंना अगदी नम्रपणे विचारतोय की बाई, ही पांढरी गोळीही जंतू मारते, ही निळी कॅप्सूलही जंतू मारते, दोन्ही चिठ्ठीशिवाय तुम्ही देत नाही, मग या दोघींत भारी कुठली? तर त्या माझ्याकडं न बघता म्हणतात, "दोन्ही चांगल्याच आहेत हो काका." दोन्ही चांगल्या! अहो, उद्या मी गिऱ्हाइकाला सांगितलं की साहेब, सुती काय नि लोकरी काय, दोन्ही चांगलंच, तर तो माझ्या दुकानात परत पाऊल टाकेल का? दोन वस्तू आल्या की एक उजवी आणि एक डावी असणारच, आणि ते बघायला टेप लागते. माप घेतल्याशिवाय मी बोलत नाही, तुम्हाला सांगतो. चाळीस वर्षं कात्री चालवतोय, चाळीस वर्षांत माप घेतल्याशिवाय मी बोललेलो नाही.

आता हे अंगठ्याचं प्रकरण झालं कसं, ते ऐका. आमची पोरगी वकील झाली. आमच्या घरात आजवर कोर्टाची पायरी कुणी चढलं नव्हतं, वकील म्हणून नाही आणि आरोपी म्हणूनही नाही, आणि ही एकदम काळा कोट घालून जजसमोर उभी राहणार, पुढच्याच्या पुढच्या सोमवारी, पहिल्यांदा, स्वतःच्या तोंडानं बोलायला. मला म्हणाली, "बाबा, मी रेडिमेड घेते रे, तुझा वेळ नको जायला." रेडिमेड! शिंप्याच्या पोरीनं रेडिमेड! मी तिला म्हटलं, हे बघ, आजवर या गावातले निम्मे खांदे माझ्या हाताखालून गेलेत, ज्यांना धड उभं राहता येत नव्हतं त्यांना मी कोटात उभं केलंय, आणि तू माझी पोटची पोर दुकानातल्या दांडीवरचा कोट घालून जाणार? कापड मी आणलं. काळं, पण उजेडात चमकणारं नाही, जवळून बघितलं तरच कळतं किती चांगलं आहे ते. ते घडी करून कपाटात ठेवलं आणि मनाशी ठरवलं, याला कात्री माझीच लागणार, दुसऱ्या कुणाचा हात नाही. एवढंच माझं म्हणणं होतं, फार काही मागत नव्हतो.

आणि त्याच दिवशी दुपारी एका गिऱ्हाइकाची कॉलर हातानं टाचताना मी हिला सांगत होतो की पोरीचा कोट कसा होणार आहे, सांगता सांगता डावा हात हवेत कोट काढतोय, उजवा टाचतोय, आणि सुई ढकलता ढकलता तिचं मागलं टोक घुसलं ना त्याच हाताच्या अंगठ्यात, नखाच्या कडेला! ही म्हणजे आमची बायको. ती गेली तीस वर्षं सांगतेय, "अहो, अंगुस्तान घाला, अंगुस्तान घाला," आणि मी गेली तीस वर्षं म्हणतोय की सुई ढकलायची ती बोटातली टोपी नवशिके घालतात. दुसऱ्या दिवशी नखुरडं झालं. तिसऱ्या दिवशी अंगठा असा टमटमीत, की त्याला स्वतःचं वेगळं हृदय असल्यासारखा ठणका मारायला लागला.

डॉक्टरीणबाईंकडं गेलो. शांत बाई आहेत, आवाज कधी चढत नाही, त्यामुळं जास्त भीती वाटते. त्यांनी पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. नाव काय तर अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलनिक अॅसिड, म्हणजे गोळी गिळून होते पण नाव संपत नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक, पोटात काहीतरी टाकून मग घ्यायची, सात दिवस, एकूण चौदा. आणि जाता जाता म्हणाल्या, "काका, बरं वाटलं तरी चौदाच्या चौदा घ्यायच्या." मी म्हटलं, हो, हो. घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल? गोळीला टेप लावली. पाऊण इंचाला नखभर जास्त! एवढी गोळी घशातून जाते तेव्हा कळतं की देवानं आपल्या गळ्याचं माप जरा घट्टच धरलंय. ही म्हणाली, "अहो, गोळी गिळायची असते, शिवायची नसते." पण माप घेतल्याशिवाय मी बोलत नाही ना!

तर घेतली, पहिला दिवस, दुसरा दिवस. पोटानं जरा मशीन चालवल्यासारखं केलं, पण अंगठा उतरायला लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर सूज गेली, ठणका गेला, लाली तेवढी उरली. आणि इथं, तुम्हाला सांगतो, इथं माझ्यातला माणूस गप्प बसला आणि शिंपी जागा झाला.

तुम्हाला धंद्यातली गोष्ट सांगतो. आम्ही कापड कधी नेमकं कापत नाही. शिवणीच्या आत बोटभर जादा कापड सोडतो, त्याला आमच्यात माया म्हणतात. उद्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. आणि कापून जे उरतं तेही टाकत नाही, उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत देतो, म्हणजे त्यानं मागितला तर. चाळीस वर्षं हे हाताला असं बसलंय की घरातली कुठलीही वस्तू मी शेवटपर्यंत वापरूच शकत नाही, साबणसुद्धा चिपटी राहिली की बाजूला काढून ठेवतो. मग ही पट्टी हातात. सहा घेतल्या, आठ शिल्लक. अंगठा तर बरा झाला. आता या आठ उगीच पोटात घालायच्या? चांगला माल! पुढं कधीतरी लागेल, कुणाचा दात दुखेल, कुणाचा कान फुटेल. मी त्या आठ गोळ्या बटणांच्या डब्यात ठेवल्या. आणि त्या डब्यात त्या एकट्या नव्हत्या बरं का. हिच्या कानाच्या तीन होत्या, माझ्याच दाढेच्या चार होत्या, आणि कुणाच्या घशाच्या दोन होत्या ते आता कुणालाच आठवत नाही. वेगवेगळ्या रंगांच्या, वेगवेगळ्या सालच्या. मला तर तो डबा उघडला की श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं.

तीन दिवस मजेत गेले. चौथ्या दिवशी सकाळी कात्री उचलली आणि अंगठा कात्रीच्या कडीत जाईना. जाईना म्हणजे जाईनाच! पुन्हा सूज, आणि या वेळी पहिल्यापेक्षा वरचढ, आत पांढुरका पू दिसतोय. सोमवार किती लांब? आठ दिवस. मी घाबरलो आणि घाबरल्यावर शहाणा माणूस डॉक्टरला फोन करतो, मी थोरल्या साडूंना केला.

आमचे साडू म्हणजे वीज कंपनीत मीटर तपासायचे. आता निवृत्त आहेत, पण तपासणी सुटलेली नाही. मी म्हटलं, असं असं झालंय. तर ते पलीकडून हसले. "पांढरी दिली होती का? अरे, ती काय, सगळ्यांनाच देतात. गेल्या वर्षी माझा पाय सुजला तेव्हा मला निळी दिली होती. निळी!" आणि ते 'निळी' असं म्हणाले, की जणू त्यांच्या पायाला सरकारी बंगला मिळाला होता. मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यात दुसरं काही शिरेना. साडूंच्या पायाला निळी आणि माझ्या अंगठ्याला पांढरी? ज्या अंगठ्यावर घर चालतं त्याला सगळ्यांना देतात ती, आणि ज्या पायानं ते फक्त भाजीला जातात त्या पायाला खास? सांगा, हा काय न्याय झाला?

गेलो डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी अंगठा बघितला, भुवई जरा वर गेली. म्हणाल्या, "गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या ना?" आणि मी म्हणालो, "हो." एका अक्षराचं खोटं! मी तुम्हाला खरं कारण सांगतो, लपवून काय करायचंय आता. निम्मं लाजेपोटी बोललो, आणि निम्मं त्या निळीसाठी. म्हटलं, पूर्ण घेतल्या असं कळलं तरच त्या पांढरीचा नाद सोडतील. आणि झालंही तस्संच. त्यांनी अंगठा बधिर केला, बारीक चीर दिली, पू काढला, त्यातला थोडा एका नळीत घालून तपासायला पाठवला, बँडेज बांधलं आणि लिहिलं, डॉक्सिसायक्लिन. औषधाच्या दुकानातून पट्टी हातात आली तर काय, निळी! अंगठा ठणकत होता आणि मी रस्त्यानं हसत घरी आलो. पहिला फोन कुणाला केला असेल ते सांगायला नको. साडू म्हणाले, "अरे वा. किती पॉवरची?" मला वाचता आलं नाही, पण त्यांच्यापेक्षा कमी नसेल असं सांगून टाकलं.

मग बसलो तुलना करायला. आम्ही ज्यावर आराखडा काढतो तो खाकी कागद घेतला, डाव्या हातानं मधोमध रेघ ओढली, एका बाजूला पांढरी, एका बाजूला निळी. माप घेतल्याशिवाय मी बोलत नाही! लांबीला निळी पाऊण इंचाला दोराभर कमी, म्हणजे गळ्याला सैल, निळीला एक गुण. पांढरी खडूसारखी, जिभेला कडू लागते, निळी गुळगुळीत, चवच नाही, निळीला एक गुण. पांढरीनं पोट बिघडवलं, निळीनं अजून तरी नाही, निळीला गुण. रंग तर बोलायलाच नको. पांढरीला एकच गुण मिळाला, की ती घेऊन माणूस आडवा होऊ शकतो. कारण निळीचे नखरे म्हणजे काय विचारता! डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि घेतल्यावर अर्धा तास ताठ बसा, लगेच आडवं व्हायचं नाही. मला वाटलं, डॉक्टर लोक बोलतात असं काहीतरी. दुपारी घोटभर पाण्याबरोबर घेतली आणि झालो आडवा. अहो, छातीच्या मधोमध कुणीतरी गरम इस्त्री विसरून गेल्यासारखं झालं. सबंध दुपार मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो, शाळेत शिक्षा झाल्यावर बसायचो तसा. मग दुधाचंही आहे, दूध तिच्याबरोबर चालत नाही, मध्ये वेळ जाऊ द्यावा लागतो, म्हणजे माझा चहा लांबला. आणि ऊन चालत नाही, कातडी भाजते म्हणाल्या, आणि माझं दुकान पश्चिमेला तोंड करून, दुपारनंतर ऊन थेट माझ्या मांडीवर. मग मी छत्री उघडून मशिनीपाशी बसायला लागलो, दुकानाच्या आत, छपराखाली, छत्री घेऊन. येणारे जाणारे वर बघायचे, कुठं गळतंय म्हणून.

पण मला त्याचाच अभिमान! मी म्हणायचो, भारी माणसाचेच नखरे असतात, तसं भारी औषधाचेही असणार, पांढरी बिचारी कशीही घ्या, तिला काही मान आहे का? मग मी चार विरुद्ध एक असा निकाल लावला, कागद भिंतीवर ठोकला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायला लागलो. म्हणजे मी छातीचं माप घेतोय, आणि सांगतोय, साहेब, हात वर करा, आणि कधी इन्फेक्शन झालं तर पांढरी घेऊ नका, सहा गोळ्यांत माझं काही झालं नाही, आता हात खाली करा. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मला दाताला तीच दिली आहे हो." मी त्याच्याकडं असं बघितलं, की तो कापड तसंच टाकून डॉक्टरकडं गेला.

आता गुरुवार. रिपोर्टचा दिवस. पोरगी म्हणाली, मी येते. मला वाटलं, लेकीला बापाची काळजी. तिथं गेलो, डॉक्टरीणबाईंनी बँडेज सोडलं, अंगठा बघितला, बरा होतोय म्हणाल्या, मग रिपोर्ट उघडला. मी पोरीला कोपरानं ढोसलं, म्हटलं, ऐक आता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या अंगठ्यात जे जंतू होते त्यांच्यावर कुठली औषधं चालतात ते यात आहे. ही निळी चालते." मी पोरीकडं बघून मान हलवली. आणि त्या पुढं म्हणाल्या, "आणि पांढरीही चालते."

मी म्हटलं, काय? म्हणाल्या, "चालते. चांगली चालते. हे लहानमोठ्या हुद्द्याचे सरदार नाहीत काका, यात कुणी भारी, कुणी हलकं असं नसतं, ज्या जंतूला जे लागू पडतं ते त्याचं औषध. तुमच्या जंतूला दोन्ही लागू पडतात." मग त्याच थंड आवाजात म्हणाल्या, "मला कळत नाही ते एवढंच, की पांढरी चालते, तुम्ही ती पूर्ण घेतली म्हणता, मग अंगठा परत का सुजला. आणि दुसरं असं, की या आठवड्यात तीन पेशंट माझ्याकडं येऊन निळी द्या म्हणाले. तिघांनीही तुमच्या दुकानाचा पत्ता सांगितला."

मी छताकडं बघायला लागलो. छत चांगलं होतं. आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला, "बाबा, तुम्ही म्हणालात की गोळ्या पूर्ण घेतल्या."

तुम्ही! एरवी मला 'अरे बाबा' म्हणणारी पोर, जन्मात कधी अहोजाहो न केलेली, आणि ती 'तुम्ही'वर आली! मी म्हटलं, हो, म्हणजे, तशा घेतल्या. ती म्हणाली, "तशा म्हणजे कशा?" मी म्हटलं, बऱ्याचशा. तिनं पर्स उघडली आणि पट्टी काढून टेबलावर ठेवली. आठ गोळ्यांची. कोटाला काळी बटणं बघायला म्हणून तिनं माझा डबा उघडला होता, आणि मला बापाला एका शब्दानं न बोलता पुरावा घेऊन इथवर आली होती!

"ही पट्टी तुम्ही ओळखता?"

मी म्हटलं, पट्ट्या सगळ्या सारख्याच दिसतात.

"यात किती गोळ्या आहेत ते मोजून सांगा. माप घेतल्याशिवाय तुम्ही बोलत नाही ना?"

आता काय करणार? मोजल्या. डाव्या हाताच्या बोटानं, एक एक. आठ.

"डॉक्टरांनी दिल्या किती होत्या?"

"चौदा."

"मला आणखी काही विचारायचं नाही," असं ती म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकून बसली. तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि तरीही आत कुठंतरी वाटलं, पोरगी वकील म्हणून चालणार. सोमवारी समोर जो कुणी असेल त्याची मला दया आली.

मग डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं, जसं पहिलीतल्या पोराला समजावतात. की सूज उतरली म्हणजे जंतू संपले असं नसतं, अर्ध्यावर थांबवलं की उरलेले पुन्हा डोकं काढतात. की तुमची पांढरी काम करत होती आणि तुम्ही तिला तिसऱ्या दिवशी घरी पाठवलं. की मला खरं सांगितलं असतं तर मी कदाचित औषध बदललंच नसतं. की घरात उरलेल्या गोळ्या साठवायच्या नाहीत, दुसऱ्याला तर मुळीच द्यायच्या नाहीत. साडूंना एकदा सर्दीला मी त्यातल्या दोन दिल्या होत्या, ते मी तिथं बोललो नाही, पोरगी शेजारी होती. मी फक्त एवढंच विचारलं, की ते सगळं मान्य, पण कात्री कधी धरू? त्यांनी अंगठा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "निळ्या चौदा पूर्ण करा. त्यानंतर बघू. अजून आठ-दहा दिवस तरी त्यावर जोर नको."

आठ-दहा दिवस. आणि कोर्ट सोमवारी.

रस्त्यानं चालताना मनात एकच घोळत होतं. इतकी वर्षं लोकांच्या लग्नाचे, साहेबीचे, मुलाखतीचे कोट कापले, आणि स्वतःच्या लेकीच्या पहिल्या कोटाला माझा हात नाही, आणि का नाही, तर आठ गोळ्या वाचवल्या म्हणून! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. मी तिला म्हटलं, घे बाई रेडिमेड, मीच चुकलो. ती थांबली. भर रस्त्यात थांबली आणि म्हणाली, "अरे बाबा, तू सांग, मी कापते."

मी म्हटलं, तुला कात्री धरता येते का? म्हणाली, तुला तरी कुठं येतेय आता.

शुक्रवारी संध्याकाळी बसलो. हिनं मशीन घेतली, कारण काज-बटणं आणि सरळ शिलाई ती पहिल्यापासूनच करते, मी कुणाला सांगत नाही एवढंच. पोरीनं मोठी कात्री दोन्ही हातांनी धरली. आणि रेषा कोण मारणार? तिथं मात्र मी अडून बसलो. म्हटलं, खडू माझाच लागणार, डावा तर डावा. पोरीचं माप घ्यायला मला टेप लागत नाही, ती रांगत होती तेव्हापासून मी तिची मापं डोक्यात ठेवतोय. डाव्या हातात खडू घेतला, श्वास धरला, पाठ काढली, बाह्या बसतात ते मुंढे काढले, खांदे काढले. ती कापत गेली, जीभ बाहेर काढून, लहानपणी चित्र रंगवायची तशी. मधूनच विचारायची, "इथं बरोबर का?" आणि मी सांगायचो, रेषेच्या बाहेरून घे, आत घुसू नको. ही मशीन मारत होती आणि वेळ झाली की मला निळी द्यायची, पाण्याचा तांब्या हातात द्यायची आणि घड्याळाकडं बघून म्हणायची, "ताठ बसा." अर्धा तास मी ताठ बसून हुकूम सोडायचो. इतकं छान वाटत होतं मला, की अंगठा दुखतोय हेही विसरलो.

रविवारी कोट झाला. तिनं घातला. मी मागं सरकून बघितलं, तर काय! डावा खांदा वर! उजव्यापेक्षा सरळ अर्धा इंच वर. कात्रीचा दोष नव्हता, ती रेषेवरच चालली होती. रेषाच तशी होती. डाव्या हाताची. मी म्हटलं, काढ, उसवतो. ही म्हणाली, आता कुठली उसवाउसवी. पोरगी आरशासमोर वळली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं आणि म्हणाली, "राहू दे. मला आवडलाय." आणि आत, गळ्याशी, स्वतःच्या हातानं आमच्या दुकानाचं लेबल लावून घेतलं. म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाकडा कोट, आणि त्यावर माझं नाव!

सोमवारी मी कोर्टात गेलो, मागच्या बाकावर बसलो. ती उठली, दोन वाक्यं बोलली, जजसाहेबांनी पुढची तारीख दिली, संपलं. लोक म्हणतात छान बोलली. मी ऐकलंच नाही, मी खांदा बघत होतो. कोर्टात एवढे कोट, सगळे सरळ, आणि एकच वर चढलेला.

निळ्या चौदा पूर्ण घेतल्या. चौदाच्या चौदा, रिकामी पट्टी डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवली, डब्यातल्या सगळ्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत केल्या, भिंतीवरचा कागद काढून टाकला. अंगठा बरा झाला. म्हटलं, सुटलो. दोन दिवसांनी दुकानात एक बाई आल्या. पोरीच्या सिनियर, ज्यांच्या हाताखाली ती काम करते, मोठं नाव, मोठा दरारा. म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा कोट तुम्ही शिवलाय ना? त्या डाव्या खांद्याला काय केलंय हो तुम्ही? नवखी पोर, पण उभी राहिली की वाटतं, ही कुणाचं ऐकायला आलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, ही बाबांची खास कटिंग आहे. मला तस्साच पाहिजे." मी म्हणायला गेलो की बाई, ती चूक आहे. पण आमची पोर मागं उभी होती, आणि ती माझ्याकडं अशी बघत होती, की खोटं बोलण्याचे माझे दिवस संपलेत हे मला ठाऊक असूनही माझ्या तोंडून खरं निघालं नाही. घेतलं माप.

माप घेतल्याला आज सातवा दिवस. उजवा हात ठणठणीत, कात्री लोण्यासारखी चालतेय, आणि तीनदा कापलं मी ते खांद्याचं कापड, तिन्ही वेळा सरळ आलं! काही केल्या वाकडं येत नाही हो! परवा बाई ट्रायलला येणार आहेत. आता काय करणार… उद्यापासून खडू डाव्या हातात धरून बसतो, आणि काय!